नऊ इंचांचा अपमान

६ एप्रिल, रविवार

काल आमच्या मराठी मंडळाचा गुढीपाडवा झाला. पाडवा खरा गेल्या रविवारीच होता, पण हॉल कालचा मिळाला. त्याच हॉलमध्ये काल माझा जाहीर अपमानही झाला. आज शांत डोक्याने लिहायचं ठरवलं आहे. डोकं शांत नाही.

झालं ते असं. मार्चच्या सुरुवातीला गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मी एक क्रॉपी पकडली होती. क्रॉपी म्हणजे इथला मासा. अंग रुपेरी, त्यावर काळे ठिपके, पापलेटासारखी चपटी. मिनेसोटातली माणसं तिच्यासाठी ऑफिसला दांड्या मारतात. माझी नऊ इंची होती. तिचा फोटो मी काल पंगतीत सहज दाखवत होतो. सगळ्या टेबलांवर, पण सहज.

तेवढ्यात सत्यजित श्रीखंडाची वाटी घेऊन आला. त्याने चष्मा पुसला, फोटो दोन बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला, आणि म्हणाला, वा, गोड आहे, हिच्या आईला कळवलंस का?

सगळे हसले. मंडळाचे अध्यक्ष मनोहरकाका इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि लोक त्यांना पाणी द्यायला धावले. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. वीणासुद्धा हसली. वीणा म्हणजे माझी बायको.

सत्यजित पुण्याचा, कोथरूडचा. पक्का शाकाहारी, केकसुद्धा अंडं नाही ना विचारून खातो. हा माणूस मासा पकडतो, त्याला थँक यू म्हणतो आणि परत पाण्यात सोडतो! ज्याच्या सात पिढ्यांनी बोंबील तोंडात घातला नाही, त्याने मला मासे शिकवायचे? माझं आजोळ वेंगुर्ल्याचं. समुद्र रक्तात आहे. (वाढलो मुलुंडला, पण रक्त तेच.)

संकल्प: सूड घेणार. सभ्यपणे, पण असा की मंडळात पुढची दहा वर्षं नाव निघेल.

७ एप्रिल, सोमवार

सूड घ्यायचा तर आधी मुळात मोठी क्रॉपी म्हणजे केवढी, हे कळायला हवं. ऑफिसात डेलला विचारलं. डेल जन्मल्यापासून इथेच, आमच्या ईडन प्रेरी गावात आहे आणि चाळीस वर्षं मासे पकडतो. त्याला माझा फोटो दाखवला. त्याने बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, वेल, दॅट्स अ फिश.

इथली माणसं फार कौतुक करत नाहीत. त्यामुळे हे कौतुकच समजायला हवं.

मोठी म्हणजे किती, विचारल्यावर म्हणाला, डिपेंड्स. कशावर, तर पाण्यावर. म्हणे एखाद्या छोट्या तळ्यात क्रॉप्या इतक्या होतात की खायला पुरत नाही, मग सगळ्या सहा इंचांवर खुंटतात. तिथे आठ इंची मिळाली तर लोक शेजाऱ्याला बोलावून दाखवतात. मिनेटोंकासारख्या मोठ्या लेकवर अकरा-बारा झाल्याशिवाय कोणी खिशातून फोन काढत नाही. उत्तरेला त्याहून मोठ्या. आणि दक्षिणेत विचारूच नकोस, म्हणाला.

डेल बोलत होता आणि माझ्या डोक्यात उजेड पडत होता. म्हणजे माझी नऊ इंची लहान नव्हतीच. तळं लहान होतं!

१२ एप्रिल, शनिवार

मंडळाच्या मीटिंगला गेलो. नेहमी मी पोहे येईपर्यंत बोलत नाही. आज पोह्यांच्या आधी बोललो. मंडळाने यंदा क्रॉपी स्पर्धा घ्यावी, असा प्रस्ताव मांडला. एक जून ते नारळी पौर्णिमा. बक्षीस, उत्तरेच्या एका मोठ्या लेकवर गाइड आणि बोटीसह दोघांची वीकेंड ट्रिप.

सत्यजित सगळ्यांत आधी टाळ्या वाजवत म्हणाला, काय मस्त आयडिया आहे यार! बिचारा. बोकड हौसेने खाटकाच्या दारात आला.

नियम कोण लिहिणार, विचारलं तेव्हा कोणीच हात वर केला नाही. मी केला. चेहरा निर्विकार ठेवला.

२० एप्रिल, रविवार

दोन दिवस खाली मान घालून काम करतो आहे. वीणाने जेवायला तीनदा हाक मारली. क्रांती करणाऱ्या माणसाला भात गार मिळायचाच.

मिसिसिपीत माझा मावसभाऊ निहार असतो, त्याला फोन केला. तिकडे चौदा इंची क्रॉपी पकडली तर काय म्हणतात, विचारलं. म्हणाला, काही म्हणत नाहीत, दादा, ती हळूच कूलरमध्ये टाकतात आणि विषय बदलतात. तिकडे सोळाच्या पुढे बोलायचं. म्हणजे सत्यजित ज्या तेरा इंची क्रॉपीवर मंडळभर मिरवतो, ती मिसिसिपीत लाजेची गोष्ट आहे. हे ऐकून दिवसभर बरं वाटलं.

आता नियम. प्रत्येक पाण्याचं एक माप ठरवलं, म्हणजे तिथे कितीला चांगली म्हणतात ते. आमच्या टाउनहोमच्या मागचं तळं, सहा इंच. गावातली मधली तळी, नऊ. मिनेटोंका, अकरा. उत्तरेची लेक, तेरा. आपली क्रॉपी त्या मापाच्या किती टक्के, तेवढे मार्क. नाव दिलं, सापेक्ष क्रॉपी निर्देशांक. ऑफिसात वीस वर्षं मेट्रिक्स केले त्याचं आज चीज झालं.

सत्यजित मिनेटोंकाशिवाय कुठे जात नाही. तिथे त्याने मर मर मरून तेरा पकडली तरी एकशे अठरा टक्के. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणाऱ्या तळ्यात नऊची पकडली की दीडशे. कपडेही बदलायला नकोत.

२६ एप्रिल, शनिवार

नियम एकमताने मंजूर. पोस्टरवर माझंच वाक्य टाकलं आहे, मोठेपणा पाण्यावर ठरतो. मनोहरकाकांना ते इतकं आवडलं की त्यांनी दोनदा मोठ्याने वाचलं. सत्यजित म्हणाला, छोट्या तळ्यातल्या माशांना पहिल्यांदा न्याय मिळाला. न्याय! बघच आता.

नियम चार पानी आहेत. कोणी पूर्ण वाचतील असं वाटत नाही. वीणा मात्र संध्याकाळी चष्मा लावून वाचत बसली होती. ती बँकेत कंप्लायन्सला आहे, तिला नियम दिसले की राहवत नाही. तिसऱ्या पानावर मला विचारलं की हे मागचं तळं म्हणजे आपलंच ना? मी म्हटलं, हो. तिने बरं म्हणून पान उलटलं.

मग विचारलं, जिंकलास तर सोबत कोणाला नेणार? मी म्हटलं, सत्यजितला. दोन दिवस एका बोटीत त्याला माझ्यासमोर बसवणार. मी पकडणार, त्याने फोटो काढायचे. याहून गोड सूड नाही. वीणा म्हणाली, आणि मी? मी म्हटलं, तुला बोटीत कंटाळा येईल, आणि तू बोलतेस, मासे पळतात.

त्यावर तिने नियमांचं तिसरं पान पुन्हा उघडलं. म्हणजे पटलं असावं.

फिशिंगचं लायसन्स काढलं. नवराबायकोचं जोड-लायसन्स असतं, तेच घेतलं. वीणाचं आपलं नुसतं नाव.

१७ मे, शनिवार

स्पर्धेला वेळ आहे, म्हणून सराव म्हणून मिनेटोंकाला गेलो. आणि काय सांगू! तेराच्या खाली नसेल. कदाचित चौदा. हातात धरली तेव्हा हात भरला. टेप घरी राहिला होता. म्हटलं, घरी मोजू, चांगला शर्ट घालून फोटो काढू, आणि ग्रुपवर एकही शब्द न लिहिता टाकू. नुसता फोटो. शत्रूला शब्द नसलेला फोटो फार लागतो.

घरी येऊन मासा ओट्यावर ठेवला आणि आंघोळीला गेलो. शर्टाला इस्त्री केली. भांग पाडला.

खाली येतो तो वीणाने तिच्या तुकड्या केल्या होत्या.

सहा तुकड्या, हळद-मीठ लावून ताटलीत. डोकं आमटीला वेगळं. मी ओरडलो. ती म्हणाली, मासा घरात आला की आधी साफ करायचा, नाही तर वास येतो, आमच्याकडे असंच असतं. तिचं बरोबर आहे. रेवदंड्याची आहे ती. तिच्या घरी फोटो काढायला कोणी मासा आणत नसे.

मी तुकड्या ओट्यावर ओळीने मांडल्या, पुढे डोकं, मागे शेपूट, आणि टेप लावला. साडेसोळा भरलं. मधली फट धरून. तसाच फोटो ग्रुपवर टाकला आणि लिहिलं, अंदाजे.

पाच मिनिटांत सत्यजितचं उत्तर. गेट वेल सूनचं स्टिकर.

१८ मे, रविवार

स्टिकरला काल रात्रीपर्यंत सव्वीस लाइक. एक वीणाचा आहे. मी विचारलं तर म्हणाली, चुकून हात लागला.

सावनीचा कॉलेजातून फोन आला. मुलगी तरी बापाची बाजू घेईल म्हणून सगळं सविस्तर सांगितलं. म्हणाली, बाबा, इट्स अ फिश, लेट इट गो. मी म्हटलं, लेट इट गो करणारे लोक वेगळे, ते कोथरूडला राहतात.

आमटी मात्र झकास झाली होती. रागाने जास्त जेवलो.

१ जून, रविवार

स्पर्धा सुरू. पहाटे तळ्यावर. संकल्प: रोज ऑफिसच्या आधी तास. नऊची मिळाली की मिशा नसताना मिशीवर ताव.

आज दोन सनफिश आणि एक चप्पल मिळाली. चप्पल शेजारच्यांची होती, त्यांना नेऊन दिली.

५ जून, गुरुवार

गूझ. कॅनडातून आलेली मोठी बदकं. पिल्लांसह काठावर बसतात आणि माझ्या अंगावर येतात. आज एकीने माझी पँट धरली. मी फोल्डिंग खुर्ची तिथेच टाकून आलो. खुर्चीवर आता ती बसते.

८ जून, रविवार

साडेपाच इंची. निर्देशांक ब्याण्णव. सोडून दिली. सोडताना थँक यू म्हणायचं तोंडावर आलं होतं, गिळलं.

हे तळंच चुकीचं आहे. सहाचं माप मी उगाच ठेवलं. इथे पाच चांगली म्हणायला हवी होती.

वीणा खिडकीतून म्हणाली, तू फार हलतोस, आणि सावली पाण्यावर पडते, उन्हाकडे तोंड करून बस. मी म्हटलं, वाचलेलं ज्ञान आणि अनुभव यात फरक असतो. ती म्हणाली, हो ना. आणि खिडकी लावली.

१३ जून, शुक्रवार

नवा विचार. मला मोठी मिळणं आणि त्याला न मिळणं, सूड दोन्हींनी होतो. दुसरं सोपं आहे.

सत्यजितला मेसेज केला. लिहिलं, मिनेटोंकावर एक खास जागा कळली आहे, कोणाला सांगू नकोस, बोटी उतरवायचा रॅम्प आहे ना, त्याच्या शेजारच्या पुलाखाली. तिथे दिवसभर बोटींची ये-जा, पोरांच्या उड्या, कोणाचं तरी म्युझिक. मासाच काय, कासवही थांबत नाही. दोन वीकेंड तिथे बसला तरी माझं काम झालं.

उत्तर आलं, यू आर द बेस्ट यार. वाचून क्षणभर कसंसंच झालं. मग हिच्या आईला कळवलंस का ते आठवलं आणि पुन्हा बरं वाटलं.

१५ जून, रविवार

साडेतेरा.

त्याच पुलाखाली. पहिल्या अर्ध्या तासात. ग्रुपवर मापपट्टीसकट फोटो आहे, तोंड बंद, शेपूट चिमटीत, सगळं नियमाप्रमाणे. खाली लिहिलं आहे, ऑल क्रेडिट टू त्र्यंबक, जागा त्याची, मी फक्त बसलो. असा दिलदार मित्र सगळ्यांना मिळो.

मनोहरकाकांनी मला हार्ट पाठवलं. चार जणांनी विचारलं की आम्हालाही जागा सांग ना. सुनेत्राने, म्हणजे त्याच्या बायकोने, वीणाच्या हाती माझ्यासाठी नारळाच्या वड्या पाठवल्या. वड्या चांगल्या आहेत. खाताना डोळ्यात पाणी आलं, वेलचीमुळे नव्हे.

एकशे तेवीस टक्के. मी काढलेल्या सूत्राने, मी दिलेल्या जागेवर.

६ जुलै, रविवार

मनोहरकाकांच्या डेकवर मीटिंग. मी नियमाविरुद्ध बोललो. म्हटलं, आपण फार गुंतागुंत केली आहे, साध्या माणसाला साधा इंच कळतो, ज्याची क्रॉपी लांब तो जिंकला, इंच तो इंच. वीस मिनिटं बोललो. उदाहरणं दिली. मिसिसिपीचं दिलं नाही.

काका शांतपणे म्हणाले, पण त्र्यंबक, तूच तर म्हणालास, मोठेपणा पाण्यावर ठरतो. ते आता टी-शर्टवर छापलं आहे. आणि टी-शर्ट दाखवला. माझ्यासाठी एक लार्ज काढून ठेवलाय म्हणे.

माझ्या बाजूने कोणी बोललं नाही. माझ्या नियमाच्या बाजूने सत्यजित बोलला. म्हणाला, त्र्यंबकचं लॉजिक इतकं फेअर आहे की त्याला स्वतःलाच त्याची किंमत कळलेली नाही. इतक्या प्रेमाने माझा गळा आजवर कोणी धरला नव्हता.

संकल्प: उत्तरेला जाणार. गाइड घेऊन. इतकी मोठी आणणार की आकडेमोड करायला कोणी धजणार नाही. माणसं आधी डोळ्यांनी बघतात, टक्के नंतर. लोकच म्हणतील, अरे, हीच मोठी. जनमतापुढे निर्देशांक काय टिकतो.

१९ जुलै, शनिवार, उत्तरेहून, मोटेलमध्ये

साडेचौदा. साडेचौदा. साडेचौदा.

हे पुन्हा पुन्हा लिहावंसं वाटतं. पाच तास ड्राइव्ह, दुपारपर्यंत काही नाही, गाइड जांभया देत होता. मग पाण्यावर तरंगणारा फ्लोट बुडाला नाही, नुसता आडवा झाला. या माशाचं तोंड कागदासारखं, ओढलं की फाटतं, म्हणून मी ओढलं नाही. रीळ हळूहळू फिरवत राहिलो. शेवटी जाळ्यात आली. गाइडने पट्टीवर ठेवली आणि म्हणाला, नॉट टू बॅड. मिनेसोटात याच्यापुढे शब्द नाही.

बोटीत शेजारी कोणी ओळखीचं नव्हतं. फोटो काढून झाल्यावर ती दाखवायला मी आजूबाजूला पाहिलं. गाइड सँडविच खात होता. वीणाला फोन केला, तर उचलला नाही. मेसेज आला, हात ओले आहेत, नंतर बोलते. भांडी घासत असेल.

२० जुलै, रविवार

घरी परत. वीणाच्या चपला चिखलाने भरल्या आहेत. बागकाम दिसतं. घराला मासळीचा वास येतो आहे, तो माझ्याच कपड्यांचा असणार.

रात्री निर्देशांक काढून पाहिला. एकशे अकरा आणि थोडे. मुद्दाम पुढचे दशांश काढले, पण दशांश कितीही काढले तरी एकशे तेवीस होत नाहीत.

हरकत नाही. फोटो मोठा प्रिंट करून घेणार. माणसं भावनेवर चालतात.

९ ऑगस्ट, शनिवार, नारळी पौर्णिमा

लिहायची इच्छा नाही. लिहितो.

पार्कातल्या शेडमध्ये पिकनिक. नारळीभात, वडे. फोटो आम्ही दोन फूट बाय तीन फूट करून नेला होता. आम्ही म्हणजे मी. वाऱ्याने तो दोनदा पडला आणि एकदा आमटीत पडला.

मनोहरकाकांनी माइकवर निकाल वाचले. पाचवा कोणी नाही, कारण पाचव्या माणसाने कार्प पाठवला होता, तो बाद. चौथा क्रमांक, श्री. त्र्यंबक. एकशे अकरा. टाळ्या. तिसरी, मंडळातल्या निमिषची मुलगी आन्या, वय वर्षं नऊ, एकशे तेरा. जोरात टाळ्या. दुसरा, सत्यजित, एकशे तेवीस.

दुसरा! मी उभा राहिलो. कोणी का असेना पहिला, सत्यजित हरला होता. एप्रिलपासून याचीच वाट पाहत होतो. मी टाळ्या वाजवत होतो, शिट्टीही वाजवली, मला येत नाही तरी.

मग काका म्हणाले, पहिला क्रमांक, एकशे सदुसष्ट टक्के, टाउनहोमच्या मागचं तळं, दहा इंच, सौ. वीणा त्र्यंबक.

मला वाटलं, दुसरी कोणी वीणा असेल. मग दुसरा त्र्यंबक कुठला, असं वाटलं. तोवर ती नारळीभाताची प्लेट सुनेत्राकडे देऊन पुढे निघाली होती. मी अजून उभाच होतो, हात वर, शिट्टीच्या पोझमध्ये. लोकांना वाटलं मला आधीपासून माहीत होतं. किती सपोर्टिव्ह नवरा आहे, असं मागे कोणीतरी म्हणालं.

फोटो दाखवला. आमच्याच तळ्याचा काठ. बांबूची काठी. उन्हाकडे तोंड. क्रॉपी तिने अंगाजवळ धरली आहे, मी धरतो तशी हात लांब करून कॅमेऱ्याजवळ नाही. तरी मोठी दिसते. गूझ मागे बसली आहे, माझ्या खुर्चीवर, शांत. फोटो सुनेत्राने काढलेला. तारीख एकोणीस जुलै.

सर्वांत जोरात टाळ्या सत्यजितने वाजवल्या. हरलेल्या माणसाने इतकं खूश होऊ नये. याने हरण्याचीसुद्धा मजा घालवली.

१० ऑगस्ट, रविवार

काल गाडीत मी विचारलं, हे कधी, कसं. वीणा म्हणाली, नियम तू लिहिलास, मी वाचला. तळं मागेच होतं आणि तू त्या शनिवारी घरी नव्हतास. लहानपणी रेवदंड्याच्या खाडीवर ती बाबांबरोबर गरी टाकून बसायची, रोज, शाळा सुटली की. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. ती रेवदंड्याची आहे हे मला माहीत होतं. मी तिला मासे साफ करणारी समजत होतो. पकडणारी कधी समजलो नाही.

आणि म्हणाली, आमच्याकडे नारळी पौर्णिमेला नारळ देऊन मासेमारी सुरू करतात, तुम्ही शहाणे त्या दिवशी संपवता. हे मात्र खरं. वेंगुर्ल्यातही तसंच आहे, आता आठवलं.

मला वाईट वाटलं. हरलो म्हणून नाही. म्हणजे हरलो म्हणूनही. पण ती दहा इंचांची घेऊन एकटी तळ्याकाठी उभी असताना तिने मला फोन केला नाही, याचं जास्त वाटलं. मग लक्षात आलं की मी केला होता, आणि तिचे हात ओले होते.

संध्याकाळी ती सोबत कोणाला नेणार हे विचारायच्या आधी मी जरा चांगलं वागलो. चहा केला. कचरा बाहेर ठेवला. बोटीत मला कंटाळा येत नाही, असंही सहज बोललो. ती म्हणाली, सुनेत्राला सांगून झालंय, आम्हा दोघींना भरपूर बोलायचं असतं. ट्रिपच्या शनिवारी सकाळी मला तिच्या घरी ड्रॉप करशील का?

मी म्हटलं, करतो.

सत्यजितचंही लिहून टाकतो. पिकनिकला त्याने मला मिठी मारली, तेव्हा मला राहवलं नाही. एप्रिलमधलं सगळं तोंडावर बोललो. श्रीखंड, चष्मा, हिची आई, सगळं. त्याने आठवायचा प्रयत्न केला, अगदी प्रामाणिकपणे, कपाळाला आठ्या घालून. म्हणाला, मी म्हटलं असेन रे, तो जोक मी सगळ्यांनाच करतो. लागला का तुला? सॉरी यार.

चार महिने. आणि त्याला आठवतही नाही. शत्रू असावा तर निदान हजर तरी असावा.

१३ सप्टेंबर, शनिवार

सकाळी वीणाला सुनेत्राकडे सोडलं. दोघी गाडीत बसायच्या आधीच हसत होत्या. वीणाने माझी चांगली रॉड नेली. विचारून नेली, मी हो म्हटलं, पण तोवर रॉड गाडीत होती.

दुपारी सत्यजितचा फोन. आपण दोघंच उरलोय, जेवायला ये, मी वरण-भात लावतो. मी म्हटलं, जमणार नाही, कामं आहेत.

संकल्प: जायचं नाही. काहीही झालं तरी नाही.

रात्री ९.४०

गेलो होतो. घरात फक्त ब्रेड होता.

वरण-भात, बटाट्याच्या काचऱ्यांची भाजी, लिंबाचं लोणचं. जेवण वाढत असताना दोघांच्या फोनवर एकदमच फोटो आला. दोघी बोटीत, मध्ये क्रॉपी, पट्टीवर बरोबर पंधरा. आम्ही दोघांनी आपापला फोन उलटा ठेवला.

मग त्याने मला माझ्या साडेचौदाबद्दल विचारलं. उगाच नाही, खरंच विचारलं. फ्लोट बुडाला की आडवा झाला? रॉडला जड किती लागली? रीळ हळू फिरवायचं तुला कसं सुचलं? जुलैपासून हे कोणीही विचारलं नव्हतं. मी सांगायला लागलो. भात गार झाला तरी सांगत होतो. त्याने मध्ये एकदाही स्वतःच्या साडेतेराचं नाव काढलं नाही. शेवटी म्हणाला, मोठी होती रे. कुठल्याही पाण्यात मोठी.

मी दोनदा वरण घेतलं. तिसऱ्यांदा त्याने वाढलं.

वरणात मीठ अजिबात नव्हतं. मी सांगितलं नाही. खा म्हणावं अळणी.